भातुकली, ठकी, जुन्या बाहुल्या: जमवायला सुरुवात कशी केलीत?

मृद्गंध
रविवारी जुन्या बाजारात एक पितळी बंब दिसला. उंची जेमतेम वीतभर, पण मधली नळी, झाकण, खालची जाळी, सगळं जागच्या जागी. तोटीसुद्धा फिरत होती! हातात घेतला आणि आजोळची माडी डोळ्यांसमोर आली. आजीची भातुकली वेताच्या पेटीत असायची आणि मे महिन्यातच खाली उतरायची. परसात तीन दगडांची चूल मांडून आम्ही त्यात खराखुरा भात शिजवायचो. मामी वरून तुपाची धार सोडायची आणि शेजारची पोरं पंगतीला.

बंब घेतला. आता नाद लागलाय, थांबणार नाही असं दिसतंय. दुकानदारानं दोन गोष्टी शिकवल्या. एक, लोहचुंबक खिशात ठेवायचं. पितळ-तांब्याला चिकटत नाही, चिकटलं तर आत लोखंड आणि वरून नुसता मुलामा. दुसरं, कडी-कान रिबिटांनी बसवलेत की डाक देऊन, म्हणजे धातू वितळवून जोडलेत, ते बघायचं.

तुमच्याकडे काय काय आहे? कुठून आलं? भातुकलीच पाहिजे असं नाही, बाहुल्या, बाहुलीघरं, लाकडी खेळणी, सगळं लिहा.

शमा
आई गं, बंब!! फोटो टाक ना आधी.
आमच्याकडे शकुंतला भांडं तेवढं उरलंय. बाकी चार बहिणींत वाटलं गेलं.

कसबेकर
पुण्यात तांबट आळीच्या जवळच राहतो, ठोक्यांच्या आवाजात वाढलो, म्हणून लिहितो. पत्र्याचं भांडं असेल तर आत बोट फिरवा. यंत्रावर ओढलेल्या भांड्याला आतून बारीक गोल गोल रेघा लागतात. हातानं घडवलेल्याला मठाराचे, म्हणजे हातोडीचे ठोके असतात, दोन ठोके कधी तंतोतंत सारखे नसतात. मग सांधा शोधा. जुन्या भांड्यांचा सांधा बरेचदा दातेरी असतो, दोन्ही कडा एकमेकींत अडकवून वर डाक दिलेला. उजेडात तिरपं धरलं की पिवळसर नागमोडी रेघ दिसते. एवढ्याशा घंगाळाला असा सांधा घालणारा हात काय असेल!

आणि कृपा करून घरी आणल्या आणल्या घासू नका. काळपट रंग चढायला पन्नास वर्षं लागतात, उतरायला पाच मिनिटं.

नीलाक्का
भातुकली म्हणजे पितळच असं नाही हो. आमच्या घरी ठकी होती. लाकडी, हात अंगालाच कोरलेले, नऊवारी रंगवलेली, कपाळाला आडवं कुंकू. नाक आमच्या थोरल्या आत्यानं चावून चावून बुजवलेलं. तिचं लग्न दर उन्हाळ्यात लागायचं, नवरा समोरच्या वाड्यातला. मंगलाष्टकं सगळी म्हणायचो. अक्षता ज्वारीच्या. जेवणाला कुरमुरे, दाणे, गूळ आणि कैरीच्या फोडी. एका वर्षी वरपक्ष रुसला, मानपानात पेढा कमी पडला म्हणून, आणि खऱ्या आयांना मध्ये पडावं लागलं 😄

ठकी आता माझ्याकडे आहे. रंग पुन्हा देऊन घ्या असं सगळे म्हणतात. नाही देणार. ते बुजलेलं नाक म्हणजे आमची आत्या आहे.

शमा
नीलाक्का, वरपक्ष कुठला ते सांगूनच टाका आता

नीलाक्का
ते लोक अजून येतात गणपतीला, नको 😄

मुक्काम न्यूरेंबर्ग
मी इथे जर्मनीत येऊन पाच-सहा वर्षं झाली. इथल्या खेळण्यांच्या संग्रहालयात पहिल्यांदा गेले तेव्हा एका कपाटासमोरून हलवेना. पुढून उघडी पेटी, आत स्वयंपाकघर. मधोमध चूल, तिन्ही भिंतींवर फळ्या, फळ्यांवर तांब्याची, कथलाची इवलीइवली भांडी. या प्रकाराला ह्या शहराचंच नाव आहे, न्यूरेंबर्ग किचन. पूर्वी बऱ्याच घरांत ते फक्त नाताळात बाहेर काढायचे आणि मग परत माळ्यावर. मृद्गंधच्या आजीची वेताची पेटी वाचली आणि अंगावर काटा आला.

बाहुल्यांचं सांगते. इथल्या बाजारात बिस्कच्या, म्हणजे चकाकी न दिलेल्या चिनीमातीच्या चेहऱ्याच्या बाहुल्या खूप येतात. आधी मानेच्या मागे, केसांच्या टोपाखाली बघायचं. तिथे साच्याचा क्रमांक आणि कारखान्याची खूण कोरलेली असते. सगळ्यात जास्त दिसते ती आर्मांड मार्सेय कारखान्याची, ३९० क्रमांकाच्या साच्याची. इथल्याच थुरिंगिया प्रांतात प्रचंड संख्येनं झाली, म्हणून नवख्या माणसाला परवडते. जर्मनी असा शब्द कोरला असेल तर बाहुली बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेनं तेव्हापासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. घेण्याआधी डोक्याच्या आत छोटा टॉर्च धरा. केसाएवढी चीर असली तरी काळी रेघ उमटते, आणि चीर असेल तर किंमत निम्म्याच्याही खाली येते.

अदिती०७
वा, टॉर्चचं माहीत नव्हतं. मुलीला शाळेतून आणायला निघालेय, रात्री सविस्तर लिहिते

दर्यावर्दी
मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटला सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या अधूनमधून मिळतात. गुलाबी, हलक्या, आतून पोकळ. काहींच्या पाठीवर ऑक्युपाइड जपान, म्हणजे परक्या सैन्याच्या ताब्यातला जपान, असा शिक्का असतो. तो असला की काळ पक्का, दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतचा. बाहुलीवर तारीख एवढी स्वच्छ लिहिलेली क्वचितच मिळते.
पण सांभाळून! सेल्युलॉइड भयंकर पेटतं. देवघराजवळ, निरांजनाजवळ अजिबात नको. बंद डब्यातही नको, वारा लागू दे. कापराचा वास नेहमीचाच, पण आंबूस उग्र वास यायला लागला, अंग चिकट झालं, तर ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी काढा. एक बिघडली की शेजारच्या बिघडतात.

शमा
बापरे. आजीच्या कपाटात अशीच एक आहे, डांबरगोळ्यांबरोबर. आत्ता उठून बघते.

माडाखाली
सावंतवाडीहून. चितार आळीत अजून लाकडी फळं, खेळणी होतात, जुनी पांगाऱ्याची असायची. पांगारा एकदम हलका. जुनं केळं किंवा आंबा हातात घेतलात तर आत पोकळ आहे की काय वाटतं.
कोकणातल्या लाकडी वस्तूला एकच खरा शत्रू, भुंगा. वस्तू पांढऱ्या कागदावर ठेवा आणि आठवडाभर हलवू नका. खाली पिठासारखा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. नुसती भोकं असतील आणि भुसा नसेल तर बहुधा घाबरायचं कारण नाही. पाण्यानं पुसू नका, रंग सुटतो. कोरडा मऊ कुंचला, बस्स.
बाकी पाऊस कसा आहे तिकडे? इथे कालपासून लाइट नाही.

कसबेकर
इथे नुसतं भरून येतंय. काळजी घ्या.

वसुधा क.
आमची भातुकली मोडीत गेली. वाडा पाडायचं ठरलं तेव्हा आवराआवर नातेवाइकांनी केली, आम्ही परगावी. जातं, पाटा, पुरणयंत्र, ओगराळं, वेळण्या, सोऱ्या, सगळं किलोवर. सोऱ्याला चकलीची ताटलीसुद्धा होती, चांदणीच्या भोकाची. आई दिवाळीत त्याच्यातून खरंच दोन-तीन चकल्या पाडून द्यायची आम्हाला. अजून आठवण आली की पोटात तुटतं. ज्यांच्या घरी आहे त्यांनी कृपा करून कुणाची आहे ते लिहून ठेवा. पुढच्या माणसाला ते नुसतं पितळ दिसतं.

मृद्गंध
वसुधाताई, वाचून गलबलून आलं. मी आजच वही केली. पहिलं पान बंबाचं आहे. दुकानदाराला पुन्हा फोन करून विचारलं, तो म्हणाला वाईच्या एका घरातून आला. तेवढं तरी लिहिलं.

अदिती०७
आले एकदाची. मी बाहुलीघराच्या वस्तू करते आणि जमवते, तर मापाबद्दल. बाहुलीघरांचं रूढ माप एकास बारा, म्हणजे खरी एक फूट वस्तू इथे एक इंच. इंग्लंडमध्ये विंडसरला राणी मेरीचं बाहुलीघर आहे, १९२४ साली पूर्ण झालेलं, तेही याच मापाचं. आराखडा लुटियन्सचा, नवी दिल्ली वसवणारा तोच. नळाला खरं पाणी येतं त्यात!
आपल्या भातुकलीला असं माप नाही. बंब वीतभर आणि परातही वीतभर. कारण ती बाहुलीसाठी नाही, पोरीच्या मुठीसाठी घडवलेली. त्यामुळे मांडताना माप जुळवत बसू नका, एकाच घरातलं एकत्र ठेवा, ते आपोआप शोभतं.

दिल्लीवाली काकू
कुणी दिल्लीला आलात तर शंकर्स डॉल्स म्युझियम चुकवू नका, १९६५ पासून आहे. व्यंगचित्रकार शंकर यांना हंगेरीच्या राजदूतानं मुलांच्या स्पर्धेत बक्षीस द्यायला एक बाहुली दिली, तिच्यावरून त्यांना हा छंद लागला. सुरुवात म्हणजे ही! एकच बाहुली.
अवांतर, कल्हईवाला कुणाच्या भागात येतो का अजून? नवसागराचा तो पांढरा धूर आणि कापसाचा बोळा फिरला की भांडं चंदेरी. माझ्या पातेल्यांना करायचीय, मोठ्या, रोजच्या.

कसबेकर
काकू, पुण्यात येणार असाल तर आणा, आमच्याकडे करून मिळते. भातुकलीला मात्र जुनी कल्हई असेल तर तशीच राहू द्या.

शमा
बघितलं! बाहुली ठीक आहे, वास फक्त कापराचा. डांबरगोळ्या काढून टाकल्या. आणि त्याच कप्प्यात मागे फडक्यात गुंडाळलेला दगडी पाटा सापडला, वितीएवढा, टाकी लावलेला. वरवंटा नाही.

नीलाक्का
लांबी किती पाट्याची? माझ्याकडे एक वरवंटा जोडीदाराविना पडलाय, काळ्या दगडाचा.

शमा
थांबा, पट्टी आणते