जुना ऑसिलोस्कोप: ट्रेस (पडद्यावरची रेघ) जाड दिसतो, सुरुवात कुठून करू?

ट्रेसवेडा: ट्रान्झिस्टरवाला दोन चॅनलचा स्कोप आहे. इनपुट ग्राउंडवर ठेवलं तरी ट्रेस जाड. ट्रिगर 'लाइन'वर (म्हणजे मेन्सच्या, घरच्या विजेच्या तालावर) घेतला की त्यातली लाट स्थिर होते. +१२ व्होल्टची रेल (आतली पुरवठ्याची लाइन) १०.८ दाखवते. सगळे कपॅसिटर बदलून टाकू का?

रिपलमास्तर: सरसकट नको, त्यात नवे दोष घुसतात. लाट लाइनवर थांबते म्हणजे मेन्सचा रिपल, डीसीत उरलेली लहर. रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) आधीच्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर दुसरा स्कोप लावा. मेन्स ५० हर्ट्झ आणि ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारे चार डायोड) असेल तर १०० हर्ट्झ दिसायला हवं. ५० दिसलं तर एखादा डायोड उडालाय. कपॅसिटर सुकला की रिपलचा तळ इतका खाली जातो की रेग्युलेटरला पुरेसा व्होल्टेज उरत नाही. रेल बसते आणि थरथरते. बदली १०५ अंश सेल्सिअस तापमानाचा घ्या, व्होल्टेज रेटिंग तेवढंच किंवा जास्त.

सोल्डरकाका: टँटलमचे थेंबही (थेंबासारखे छोटे कपॅसिटर) तपासा. बंद करून, डिस्चार्ज करून प्रत्येक रेल ते ग्राउंड रोध मोजा. दोन-चार ओहम आला तर कुठला तरी शॉर्ट आहे. एकेकाचा एक पाय उचलून बघा. बदली १२ व्होल्टच्या रेलला २५ व्होल्टचा.

ट्रेसवेडा: दुसऱ्या एका रेलचा रोध ३ ओहम!

सोल्डरकाका: मग आधी टँटलमच. आणि पडद्याच्या ट्यूबच्या बाजूला हात नको; तिथे बंद केल्यावरही हजारो व्होल्ट राहू शकतात.