चढ ठीक आहे हो, उताराचं काय?

कामिनो म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोपर्यंतची पायी यात्रा, तिच्याबद्दल कुणी म्हणतं "पहिल्या दिवशी दम टिकला की कामिनो जिंकलाच", ते मला अर्धंच पटलं. चढ मोठा आहेच, सुरुवातीचं फ्रान्समधलं सां-जां गाव साधारण १७० मीटरवर अन लेपोएदेरची खिंड १४३० च्या आसपास, म्हणजे आपला देवगिरी एका दिवसात सहा वेळा चढल्यासारखं होतं. पण चढाला निदान थांबत थांबत जाता येतं, वाटेतल्या ओरिसोंच्या थांब्यावर खाणंपिणं मिळतं. माझे गुडघे बोलायला लागले ते खिंडीनंतर, कारण तिथून मुक्कामाच्या रोन्सेसव्हालेसपर्यंत चारेक किलोमीटरात जवळपास ४८० मीटर खाली उतरायचं अन तेही पाय थकलेले असताना. बीच झाडांच्या जंगलातली सरळ वाट लई उभी आहे, पावसात पानांवरून घसरायला होतं. इबान्येता खिंडीकडून जाणारी वाट थोडी लांब पण सौम्य, मी तीच धरली अन परत गेलो तरी तीच धरीन. आपण मराठवाड्यातली सपाटीची माणसं, दहा किलोमीटर चालायची सवय असते पण उताराची नसते, तेव्हा प्रॅक्टिसला म्हैसमाळला गाडीनं वर जा अन चालत खाली या, पाठीवर सॅक भरलेली पाहिजे.

अजून एक, दिवाळीच्या सुट्टीत बेत करणाऱ्यांनी तारखा बघून घ्या, हा खिंडीवरून जाणारा रस्ता, म्हणजे नेपोलियन मार्ग, १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असतो, मग खालून वालकार्लोस गावावरूनच जावं लागतं.