अनुभव धागा: तुम्ही हाताने केलेली भेटवस्तू आता कुठे आहे?

मोठ्या भावासाठी मफलर विणला होता. तीन महिने लागले, दोनदा उसवला. सगळे जमलो होतो तेव्हा त्याने तो गळ्यात घालून घरभर मिरवला, वहिनीने फोटो काढले. वर्षाने त्याच्याकडे गेले, तर मफलर दाराखालच्या फटीत कोंबलेला. "वारा येतो गं. बाकी काही नीट बसेचना तिथे," असं तो म्हणाला, तेही कौतुकाने. हसावं की रुसावं, मला कळेना.

भेट देतानाचे फोटो सगळ्यांकडे असतात. इथे त्याच्या पुढचं लिहा. फसलेलं असेल तर आधी लिहा. साग्रसंगीत कृती नकोत, पण कुठे आणि का चुकलं ते जरूर सांगा.

*

मफलरचं नशीब बरं म्हणायचं! मी भाचीसाठी लोकरीचा स्वेटर केला होता. ताईने तो बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये गरम पाण्यात टाकला. बाहेर आला तो बाहुलीच्या मापाचा. ताई रडवेली झाली, पण चूक माझी होती, मी काही सांगितलंच नव्हतं. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळण झाली की ते एकमेकांत अडकत जातात आणि विणकाम आटून जाडजूड, नमद्यासारखं होतं. मग कितीही ताणा, परत सुटत नाही. आता लहान मुलांसाठी मी मशीनमध्ये चालणारी लोकर घेते, नाहीतर सरळ ॲक्रिलिक. ॲक्रिलिकला नाक मुरडणाऱ्यांनी सहा वर्षांच्या मुलीचे कपडे आठवडाभर धुऊन बघावेत.

स्वेटर वाया नाही गेला. आटलेली लोकर कापली तरी उसवत नाही. दोन पाकिटं आणि चष्म्याचं एक घर निघालं त्यातून.

*

माझी गोष्ट शर्टांची. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला त्यांच्याच जुन्या शर्टांची गोधडी करायची असं मी आणि जाऊबाईंनी ठरवलं. गुपचूप. सासूबाईंनी कपाटातून अकरा शर्ट काढून दिले. जुन्या सुती कपड्याचं बरं असतं, जे आटायचं ते आधीच आटलेलं असतं. नव्या कापडाचे तुकडे मध्ये जोडायचे असतील तर ते आधी धुऊन घ्यावेत, नाहीतर पहिल्याच धुण्यात गोधडीला सुरकुत्या पडतात. एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्यातला निळ्या चौकटीचा शर्ट जुना नव्हता, हे मात्र ठाऊक नव्हतं.

घडी उलगडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा चष्मा लावून एकेक तुकडा बघत होते. निळ्या चौकटीपाशी थांबले. "हा मी परवा शोधत होतो," एवढंच म्हणाले. सासूबाई लगबगीने आत निघून गेल्या.

त्या शर्टाचा खिसा आम्ही हौसेने तसाच ठेवला होता. रोज दुपारी गोधडी पायांवर घेतात आणि त्या खिशात रेडिओचा रिमोट ठेवतात. नवा शर्ट आणून दिला, तो अजून कपाटात आहे. "हा तसा नाही," म्हणतात.

*

साबण. घाईत दोन आठवड्यांच्या वड्या वाटल्या. थंड पद्धतीचा, म्हणजे न शिजवता केलेला साबण चार ते सहा आठवडे हवेवर ठेवावा लागतो, तेव्हा कुठे त्यातलं पाणी उडून वडी टणक होते. माझ्या वड्या चार दिवसांत विरघळून सगळ्यांच्या साबणदाण्यांत चिकटून बसल्या. मावशी अजून विचारते, "शॅम्पू होता का तो?"

*

मी घेणाऱ्यांच्या बाजूने लिहितो, रागावू नका. एका नातेवाइकांनी स्वतः रंगवलेली तीन फुटांची फ्रेम दिली आहे. ते येणार असले की ती भिंतीवर चढते, गेले की पलंगाखाली. मेहनत मला दिसते, पण माझ्या घरात तेवढी भिंतच नाही. देण्याआधी घर डोळ्यांपुढे आणा एवढंच म्हणणं.

आणि मला मिळालेली सर्वांत भारी भेट? आत्तेबहिणीने आमच्या घरातले २१३ जुने फोटो नेले, दोन महिने आत्याच्या शेजारी बसून प्रत्येकात कोण आहे ते विचारलं आणि मागे लिहून परत दिले. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनने लिहिलं की दाब पुढच्या बाजूला उमटतो. ज्या गुळगुळीत फोटोंवर पेन्सिल उमटेना, त्यांच्यासाठी वेगळ्या चिठ्ठ्या. एका फोटोमागे लिहिलंय, "डावीकडून तिसरी मी. पाय दुखत होते." हे आत्याचे शब्द. कुठल्या चपला होत्या तेही तिला आठवत होतं म्हणे.

*

फोटोंवरून आठवलं. एकत्र केलेल्या प्रवासाची तिकिटं आणि बिलं चिकटवून भावंडांसाठी वही केली होती. त्यातली बरीचशी गुळगुळीत थर्मल कागदाची. वर्षभरात अक्षरं उडाली, पांढरे चौकोन तेवढे उरले. आधी फोटोकॉपी काढा, मग चिकटवा.

*

वह्या बांधणाऱ्यांसाठी: कागदातले बहुतेक तंतू एका दिशेने पडलेले असतात. ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकेल ती घडी शिवणीला समांतर यायला हवी. मी उलटं केलं होतं. सात वह्या, एकही सपाट उघडत नाही. धाकटी चुलतबहीण तिची वही पेपरवेट ठेवून वापरते, आणि पेपरवेट कुणी दिला हे मुद्दाम सांगते.

*

आमच्याकडे माणसं चौदा. प्रत्येकाने प्रत्येकासाठी करायचं म्हणजे शेवटच्या रात्री जागून फेव्हिकॉलने बोटं चिकटवून घेणं. आता दोन महिने आधी चिठ्ठ्या टाकतो, एकाने एकासाठीच करायचं. गेल्या वेळी दोघांना एकमेकांची चिठ्ठी आली, दोघांनी गुपचूप टोप्या विणल्या, दोन्ही पिवळ्या.

*

(धागा काढणारी मीच.) सगळं वाचून या वेळी भावाच्या दाराचं माप मागवलं. ८४ सेंटीमीटर. जुन्या जीन्सची लांबट नळी शिवली, आत कापडाच्या चिंध्या ठासून भरल्या आणि दोन्ही टोकं बंद केली. फटीत चपखल बसली म्हणून फोनवर सांगितलं त्याने. मग फोटो आला. नळी दाराखाली आहे, आणि धुतलेला मफलर दाराच्या मुठीला गुंडाळलाय. दार आपटायचा आवाज होतो म्हणे.