वहिनीच्या हृदयाला छिद्र : छत्री बसवायची की छाती उघडून ऑपरेशन?

वणीकडचा
वहिनी ३४ वर्षांची. दुसऱ्या बाळंतपणानंतर दम लागायचा, गावात सगळ्यांनी रक्त कमी म्हणून धरलं. नागपूरला टू-डी इको केल्यावर एएसडी निघालं. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला २४ मिलिमीटरचं छिद्र, जन्मापासूनचं. एक डॉक्टर म्हणतात मांडीच्या शिरेतून छिद्र बुजवणारी छत्री बसवू, दुसरे म्हणतात ऑपरेशन. मला तर वाटतं, बिनटाक्याचं होत असताना छाती कापून घ्यायला कोणी सांगितलंय?

पऱ्हाटी
भाऊ, दोन-तीन दिवसांत घरी येते हे खरं हाये. पण मंग? निदान सहा महिने रक्ताच्या गुठळ्या न होण्याच्या गोळ्या, अन् इको पुढं करतच रायचा. छत्री म्हणजे निकेल-टायटॅनियमची जाळी. कधीमधी जागेवरून सरकते. फार क्वचित हृदयाच्या भिंतीले घासून भोक पाडते, तेही कधी कधी काही वर्षांनी. तवा पेशंट झरी-जामणीच्या एखाद्या पोडावर, म्हंजे कोलामांच्या आडवस्तीत असला त? ऑपरेशनात हृदयावरच्या आवरणाचाच तुकडा घेऊन ठिगळ लावता येते. १९५३ साली अमेरिकेच्या डॉक्टर गिबननं हार्ट-लंग मशीन (हृदय-फुप्फुसाचं काम तेवढा वेळ करणारं यंत्र) लावून पयलं यशस्वी ऑपरेशन केलं, ते याच छिद्राचं. सत्तर वर्षं पारखलेलं काम हाये.

आर्वीची सून
दादा, पारखलेलं आहे, पण सोसायचं कोणाला? छातीचं हाड जुळायला सहा-आठ आठवडे, जड उचलायचं नाही तीन महिने. आपल्याकडं बाईला तीन महिने कोण बसू देतं? पंधराव्या दिवशी सासू म्हणेल, "एवढी घागर तरी आण." माझ्या नणंदेला छत्री बसली. सुरुवातीला तिलाही उचलायचं नाही म्हणून सांगितलं होतं, पण नंतरच्या हंगामात ती कापूस वेचणीला होती. छत्री काही कालची नाही, पहिली सत्तरच्या दशकातली. अमेरिकेत २००१ ला मंजूर झालेली बनावट आज जगभर वापरतात. घासून भोक पडणं हजारात एक-दोघांना, आणि तुम्ही ते असं सांगता जणू दर बाजाराला होतंय. ऑपरेशननंतर हृदयाभोवती पाणी साठतं, ते का नाही सांगत?

पऱ्हाटी
सासूचा इलाज कार्डिओलॉजिस्टकडं नसते ताई. घरचे आराम देत नाही म्हून उपचार बदलायचा, हे मले पटत नाही.

आर्वीची सून
न पटून काय करता? डिस्चार्ज कार्ड घेऊन ती त्याच घरी जाते.

रात्रपाळीची सिस्टर
छिद्र पडद्यात नेमकं कुठं आहे हे कोणीच विचारलं नाही, आणि भांडण सुरू. छत्री बसते ती मधल्या छिद्राला, सेकंडम म्हणतात त्याला. तिथं कडा पुरेशी असेल तर आजकाल पहिली पसंती छत्रीलाच. वरच्या मोठ्या शिरेजवळचं छिद्र असेल, फुप्फुसाची शीर चुकीच्या कप्प्यात उघडत असेल, किंवा छिद्र खाली झडपांना लागून असेल, तर साधारणपणे ऑपरेशनच. २४ मिलिमीटरला घाबरू नका, त्याहून मोठ्या छत्र्या मिळतात. खरा प्रश्न कडेचा. छत्रीला धरायला भोवताली साधारण पाच मिलिमीटर पडदा लागतो, आणि तो नीट दिसतो घशातून केलेल्या इकोत.

फुप्फुसातला दाब किती आहे तेही विचारा. तो फार वाढून रक्त उलटं वाहायला लागलं असेल, तर छिद्र बंद करणंच धोक्याचं. मग छत्रीही नाही आणि ऑपरेशनही नाही.

आणि सिकल, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार, तपासलं का? आपल्या भागात हे आधी विचारायला हवं. ऑपरेशनात मशीनवर शरीर अनेकदा थंड करतात, त्यात सिकलच्या पेशी अडकू शकतात. इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे सिकलच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्या, म्हणजे ते तशी तयारी करतात.

वणीकडचा
सिकल निगेटिव्ह. दाब थोडाच वाढलाय म्हणाले. घशातून इको काल झाला, त्यात "आयव्हीसी रिम डेफिशियंट" लिहिलंय.

पऱ्हाटी
झालं मंग. खालच्या शिरेकडची कडाच नाही त छत्री धरीन कशाले?

आर्वीची सून
"कमी" आणि "नाही" यात फरक असतो. किती मिलिमीटर आहे ते विचारा, आणि रोज छत्र्या बसवणाऱ्या एखाद्या डॉक्टरला इकोची सीडी दाखवा. त्यांनीही नाही म्हटलं तर मी गप्प. पण मग ऑपरेशन उजव्या कुशीतून छोटी चीर देऊन होतं का तेही विचारा. हाड कापावं लागत नाही, बाई लवकर उठते.

रात्रपाळीची सिस्टर
हे बरोबर. कुठलंही ठरलं तरी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनिसाला, आधी भेटा. अठरापर्यंतच्या पोरांना शाळा-अंगणवाडीच्या तपासणीतून मदत मिळते, मोठ्यांना ती वाट नाही. महात्मा फुले योजनेत तुमची प्रक्रिया त्या दवाखान्यात बसते का, ते लेखी घ्या. रेशन कार्ड, आधार सोबत असू द्या.

वणीकडचा
वेचणी आटोपल्यावर केलं तर चालेल का? दादा म्हणतो, कापूस घरात आला की.

रात्रपाळीची सिस्टर
एवढ्याशा दाबावर काही आठवड्यांनी सहसा बिघडत नाही, तरी डॉक्टरांनाच विचारा. पण तोवर वेचणीला वहिनी जाणार नाही ना?

पऱ्हाटी
हे दादाले विचार.