एकच स्प्रिंगची एअर रायफल ठेवायची झाल्यास कोणती?

प्रश्न – कागदी_लक्ष्य

नमस्कार. साठवलेल्या हवेवर चालणारी रायफल मी पुष्कळ वापरली आहे. परंतु पंप, टाकी आणि गळके सील यांची उस्तवार नको, पेटीतून काढली की लगेच नेम धरता यावा, अशी एकच स्प्रिंगची रायफल आता कायमची ठेवावी, असा विचार आहे. उपयोग केवळ कागदी लक्ष्यावर, १० ते २५ मीटर अंतरावरून आणि एका बैठकीत शंभरेक छर्रे झाडण्यासाठी. वायरॉखच्या एचडब्ल्यू ३० एस आणि एचडब्ल्यू ७७ आणि एअर आर्म्सची टीएक्स २०० या तिघींत मन अडकले आहे. ज्यांनी या रायफली दीर्घकाळ हाताळल्या आहेत, त्यांनी आपली आवड कारणांसह सांगावी. माझ्या दृष्टीने कारणेच अधिक महत्त्वाची आहेत.

प्रतिसाद – स्थिरनेम

माझे मत निःसंशय एचडब्ल्यू ३० एसला. स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढल्यावर स्प्रिंगने ढकललेला दट्ट्या (पिस्टन) पुढे झेपावतो, त्याच्या प्रतिक्रियेने रायफल आधी मागे सरकते, आणि दट्ट्या दाबलेल्या हवेवर आपटून थांबला की ती पुढे ओढली जाते. छर्रा नळीच्या बाहेर पडण्यापूर्वीच ही हालचाल सुरू झालेली असते. त्यामुळे शक्ती जितकी वाढवावी तितका हा धक्का मोठा होतो आणि नेमबाजाच्या हातातली प्रत्येक चूक कागदावर तितकीच मोठी उमटते. जर्मनीत परवान्याविना मिळणाऱ्या एअर रायफलींना ७.५ जूलची मर्यादा आहे. ३० एस त्या मर्यादेतही मिळते, आणि २५ मीटरवरच्या कागदाला याहून अधिक शक्तीची गरज नाही.

ही रायफल सुमारे अडीच किलो वजनाची, नळी बिजागरीवर खाली वाकवून भरायची. नळी खाली ओढायला इतका थोडा जोर लागतो की शंभराव्या छर्ऱ्यालाही खांदा थरथरत नाही. त्यात वायरॉखचा प्रसिद्ध रेकॉर्ड ट्रिगर आहे. पहिला टप्पा हलकेच संपतो, बोटाला एक स्पष्ट अडथळा लागतो, आणि त्यानंतर किंचित दाब वाढवताच चाप सुटतो. महाग रायफलींतही असा चाप क्वचितच मिळतो. नळीचे छिद्र ४.५ मिमीचेच घ्यावे. इतक्या शक्तीला ५.५ मिमीचा जड छर्रा फार वाकडा मार्ग घेतो.

प्रतिसाद – लिव्हरवाला

वरील विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, निष्कर्षाशी मात्र नाही. वजन हा दोष मानला जातो, पण स्प्रिंगच्या रायफलीत तोच मोठा गुण आहे. टीएक्स २०० दुर्बिणीविना सव्वाचार किलोच्या आसपास भरते, आणि म्हणूनच दट्ट्याचा धक्का तिला फारसा हलवू शकत नाही. शिवाय तिची नळी जागची हलत नाही. लिव्हर खाली ओढली की दाबकोठी (जिच्यात दट्ट्या हवा दाबतो ती) मागे सरकते आणि छर्रा थेट नळीच्या तोंडाशी बसवता येतो. लिव्हर ओढताना दातेरी अडसराचे टकटक आवाज येतात. ती अर्ध्यावर हातातून निसटली तरी कोठी पुढे झेपावून बोट चिरडू नये, यासाठी ती सोय आहे. तरीही छर्रा बसवताना दुसऱ्या हाताने लिव्हर धरूनच ठेवावी. एचडब्ल्यू ७७ याच रचनेची आणि टीएक्सच्या आधीची. तिला उघडी दृष्टी (दुर्बिणीविना नेम धरायची माशी आणि खाच) लाभते, टीएक्सवर ती नसते, म्हणजे दुर्बीण अनिवार्य. ज्यांना बसून किंवा टेकून नेम धरायचा आहे, त्यांनी टीएक्सच घ्यावी.

प्रतिसाद – जुनी_स्पर्धा

यादीत नसलेले एक नाव सुचवतो : फाइनवेर्कबाऊ ३०० एस. हिचे सारे यंत्र दस्त्यावरच्या (रायफल धरायच्या भागावरच्या) रुळांवर मागे सरकते, त्यामुळे धक्का खांद्यापर्यंत पोहोचतच नाही. १० मीटरसाठीच बनवलेली ही स्पर्धेची रायफल आता केवळ जुन्या बाजारात मिळते. घेण्यापूर्वी आतली सील बदलली आहेत का, हे अवश्य विचारावे.

कागदी_लक्ष्य

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी उभ्यानेच अधिक नेम धरतो, तेव्हा ३० एसकडे कल झुकतो आहे. साठवलेल्या हवेच्या रायफलीप्रमाणे ती घट्ट धरावी का, आणि माझ्याकडची साधी दुर्बीण चालेल का?

प्रतिसाद – स्थिरनेम

घट्ट मुळीच धरू नये. पुढचा हात उघडा ठेवून तळव्यावर दस्ता नुसता टेकवावा, खांद्याशी हलका स्पर्श असावा, आणि रायफलीला तिच्या मर्जीने मागेपुढे होऊ द्यावे. महत्त्व आहे ते प्रत्येक वेळी हात त्याच जागी असण्याला. तळवा दोन बोटे पुढे सरकला तरी छर्ऱ्यांचा पुंजका कागदावर दुसरीकडे जातो. दुर्बीण मात्र स्प्रिंगच्या रायफलीसाठी बनवलेलीच हवी. साधी दुर्बीण मागचा धक्का सहन करते, पण पाठोपाठ येणारा पुढचा धक्का तिची भिंगे आणि आतली नेमाची फुली ढिली करतो. शिवाय ती १० मीटरवर स्पष्ट दिसायला हवी. सुरुवातीला उघड्या दृष्टीवरच सराव करावा, असा माझा आग्रह राहील.

छर्ऱ्याविना चाप कधीही ओढू नये, कारण समोर हवेची गादी नसली की दट्ट्या थेट धातूवर आदळतो. अतिशय हलके छर्रेही याच कारणासाठी टाळावेत. दाबकोठीत साधे खनिज तेल घातल्यास ते दाबाच्या उष्णतेने पेट घेते आणि सील व स्प्रिंग दोन्ही खराब होतात. आणि पुंजका अचानक विस्कटला, तर छर्ऱ्यांना दोष देण्याआधी दस्त्याच्या पुढच्या दोन बाजूंचे स्क्रू तपासावेत; स्प्रिंगच्या धक्क्यांनी ते हळूहळू सैल होत असतात.