कार्यालयाच्या मजल्यावर गोदाम झालंय, तरी फॉर्म बीवर सही करायची?

पंपघर: महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली परवानाधारक एजन्सी दर जानेवारी-जुलैत फॉर्म बी देते, म्हणजे इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला. पंप सुरू झाला, गाँग (इशाऱ्याची घंटा) वाजला, प्रेशर आलं की सही. माझं मत असं, की स्प्रिंकलरखाली (छतातल्या पाणी फवारणाऱ्या तोट्यांखाली) काय रचलंय ते पाहिल्याशिवाय सही करूच नये. कार्यालय म्हणून ‘लाइट हॅझर्ड’ (आगीच्या धोक्याचा सर्वांत खालचा वर्ग) धरलं, ते टेबल-खुर्च्या होत्या तोवर. त्याच मजल्यावर खोक्यांची थप्पी लागली की वर्ग बदलतो.

आखणीवाला: अजिबात पटत नाही. फॉर्म बी यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला आहे, डिझाइनचा नाही. एनएफपीए 25 (अशा यंत्रणांच्या तपासणीचं अमेरिकी मानक) सुद्धा हेच म्हणतं: वापर बदलला तर डिझाइन तपासून घेणं मालकाचं काम. तपासणारे नजरेनं वर्ग ठरवू लागले, तर भीतीपोटी सगळीकडे ‘ऑर्डिनरी 2’ (लाइटच्या वरचा, जास्त पाणी लागणारा वर्ग) लिहितील आणि पंप-टाकी उगाच वाढेल.

पंपघर: वर्ग ठरवू नका, विसंगती तरी लिहा! अलार्म व्हॉल्व्हजवळची हायड्रॉलिक पाटी (किती पाणी किती जागेवर पडेल असं धरून आखणी केली ते सांगणारी) वाचायला दोन मिनिटं लागतात. पाटीवर 4.1 मिमी प्रति मिनिट, 139 चौ.मी. आणि आत दोन मीटर उंच थप्पी, एवढं टिपलं तरी पुरे. आयएस 15105 या भारतीय मानकाची आखणी असेल तर लाइटला 2.25 मिमीच दिसेल.

के-80: यात आकडेच बोलतात. एनएफपीएच्या हिशेबात लाइटमध्ये एका हेडला (स्प्रिंकलरच्या एका तोटीला) 20.9 चौ.मी. चालतात, ऑर्डिनरीत 12.1. म्हणजे हेडमधलं अंतरच चुकतं, पंप वाढवून भागत नाही. ऑर्डिनरी 2 ची 8.1 मिमी प्रति मिनिट घनता 20.9 चौ.मी.वर हवी तर एका हेडमधून 169 लिटर प्रति मिनिट लागतील. के-80 हेडला (80 हा त्यातून किती पाणी सुटतं याचा गुणांक) त्यासाठी साधारण 4.5 बार. लाइटला 1.15 बार पुरत होते. ड्रेन टेस्ट (निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडून घेतलेली दाबाची चाचणी) उत्तम आली तरी त्यातून हे कळत नाही.

आखणीवाला: आकडे मान्य. पण एका कोपऱ्यातल्या स्टोअरसाठी अख्खा मजला उकलायचा?

के-80: नाही. एनएफपीए 13 (स्प्रिंकलर बसवण्याचं मानक) खोलीनिहाय वर्ग मानतं. भिंत घाला, त्या खोलीपुरते हेड वाढवा, पाइप पुन्हा हिशेबात घ्या. आडोसा नसेल तर मात्र वरच्या वर्गाचं संरक्षण शेजारी 4.6 मीटर पुढे न्यावं लागतं. आणि थप्पी डिफ्लेक्टरच्या (हेडच्या पाणी पसरवणाऱ्या चकतीच्या) 457 मिमी खालीच थांबली पाहिजे. फोम-प्लास्टिकचा माल 1.5 मीटरवर गेला, तर ऑर्डिनरीचा विचारही सोडा.