क्लास चालवणाऱ्याने कुणाला विचारायचं?
ताई, तुम्ही म्हणालात की शिकवणाऱ्यांना ट्रेनिंग भरपूर मिळतं पण निपाणीत बसून इंग्रजीचा क्लास सांभाळणाऱ्याला विचारायला कुणीच नाही, अगदी खरं बघा. मी पण आधी शिकवायचो, मग एकदम को-ऑर्डिनेटर केलं, आणि पहिल्याच वर्षी बॅच अर्ध्यावर आलेली असताना एक टीचर सोडून गेली, तेव्हा फोन कुणाला लावायचा तेच कळेना.

आयटेफल म्हणून ब्रिटनमधली इंग्रजी शिक्षकांची संघटना आहे, 1967 ची, त्यात लीडरशिप आणि मॅनेजमेंटचा वेगळा गट आहे, मेंबरशिप मात्र पौंडात. आपल्याकडे इंग्रजी शिक्षकांचीच चेन्नईची एल्टाय म्हणून संघटना आहे, पण तिथे जास्त करून शिकवण्याचंच बोलणं.

खरा उपयोग झाला तो आमच्या छोट्या ग्रुपचा. खानापूर, शहापूर, टिळकवाडी असे बेळगावकडचे क्लास चालवणारे सहा जण, महिन्यातून एकदा चहाला भेटतो. एकमेकांचे टीचर पळवायचे नाहीत एवढा एकच नियम (तो पण एकदा मोडलाय 😄). घरी मराठी, बाजारात कन्नड बोलणाऱ्या पोरांची इंग्रजीची लेव्हल कशी लावायची, हे ब्रिटनवाला काय सांगणार? तुम्ही पण या की पुढच्या वेळी.